लाकडी ठशातून उमटलेले शहर

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरील कोणत्याही बौद्धवाडीत जा. घर कौलारू असो की स्लॅबचे, ओटी ओलांडून आत गेले की समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी दिसतात. एक तथागत भगवान बुद्धांची, दुसरी परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. कुणी ती ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून आणलेली असते, कुणी २० मार्चला महाडच्या क्रांतिभूमीवरून. दाम थोडेच पडलेले असतात. पण घरातली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे म्हाताऱ्या माणसांना विचारले तर ती त्याच भिंतीकडे बोट दाखवतील.

ही तसबीर म्हणजे शेवटी एक छापील कागद आहे. राजवाड्यातले रंगवलेले चित्र एकच असते आणि ते पाहायला परवानगी लागते. छापलेले चित्र हजारो घरांत जाते आणि ज्याने चार पैसे दिले त्याचे होते. गरिबाच्या भिंतीवर चित्र आले ते छपाईमुळे. ही विद्या कुठून आली याचा शोध घेऊ लागलो तर वाट थेट धम्माकडे जाते, आणि वाटेत जपान नावाचे मोठे स्थानक लागते. तेथे सतराव्या शतकात, समाजाने खालच्या पायरीवर बसवलेल्या शहरी माणसांनी लाकडी ठशाच्या स्वस्त चित्रांतून स्वतःची एक कला उभी केली. त्या चित्रांची ओळख आज करून घेऊ. त्यात आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि सावध होण्यासारखेही आहे.

धम्मदानातून जन्मलेली छपाई

ज्यावर तारीख आहे असे जगातील सर्वांत जुने उपलब्ध छापील पुस्तक बायबल नव्हे. ते आहे ‘वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता’ हे बौद्ध सूत्र. चीनमध्ये इ. स. ८६८ साली लाकडी ठशांनी छापलेली ही गुंडाळी तुनहुआंगच्या लेण्यांत सापडली आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या आरंभीच एक चित्र आहे. तथागत बसले आहेत आणि वृद्ध भिक्खू सुभूती हात जोडून त्यांना प्रश्न विचारतो आहे. वांग चिएह नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना मोफत वाटण्यासाठी ही प्रत छापविली, असे तिच्या शेवटी नोंदलेले आहे. म्हणजे ही छपाई धम्मदान होती.

जपानमध्ये तर याच्याही शंभर वर्षे आधी एक प्रचंड काम झाले. इ. स. ७६४ मध्ये एक बंड मोडल्यावर सम्राज्ञी शोतोकू हिने लाकडाचे दहा लाख छोटे स्तूप करवून घेतले. प्रत्येकाच्या पोटात छापील बौद्ध मंत्राची एक चिठ्ठी ठेवली. इ. स. ७७० पर्यंत हे काम पुरे होऊन ते स्तूप दहा मोठ्या विहारांना वाटण्यात आले. नाराजवळच्या होर्यूजी विहारात त्यांतले हजारो स्तूप आजही जपून ठेवलेले आहेत. पुढची अनेक शतके जपानातील छपाई मुख्यतः विहारांच्या हाती राहिली. बुद्धांच्या लहान लहान ठसाप्रतिमा छापून त्या मूर्तींच्या पोटात ठेवल्या जात आणि उपासकांना दिल्या जात.

दानातून कला उभी राहावी ही रीत रायगडला नवी नाही. राजपुरीच्या खाडीजवळची कुड्याची लेणी पाहा. तेथील शिलालेखांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत वैद्य आहे, फुले विकणारा माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. राजाच्या खजिन्याची वाट न पाहता साध्या कामधंद्याच्या माणसांनी आपल्या कमाईतून डोंगर कोरून घेतला. दगडाने येथे जे काम केले तेच पुढे जपानात कागदाने केले.

फळी, कागद आणि चार माणसांचे हात

घरातल्या मुलांना हे काम समजावून सांगायचे तर बटाटा अर्धा कापा, त्यावर सुरीने पिंपळपान कोरा, बाजूचा भाग खरवडून काढा आणि शाई लावून कागदावर दाबा. जे उंच राहिले तेच उमटते. जपानी कारागीर हेच काम रानचेरीच्या कठीण फळीवर करीत.

यात चार माणसे लागत. चित्रकार पातळ कागदावर चित्र काढी. कोरक्या तो कागद फळीवर उलटा चिकटवून रेषा तेवढ्या ठेवी आणि बाकीचे लाकूड कोरून काढी. या कामात मूळ चित्र नष्ट होई. छापणारा फळीवर शाई फासून त्यावर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला चिवट कागद ठेवी आणि बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चपट्या चकतीने पाठीमागून घासून ठसा उमटवी. चौथा माणूस प्रकाशक. पैसा तोच घाली, काय खपेल ते तोच ठरवी आणि दुकानही त्याचेच असे.

चित्रावर नाव बहुधा चित्रकाराचे आणि प्रकाशकाचे असे. ज्याच्या बोटांनी केसाएवढी बारीक रेषा कोरली तो मात्र बहुतेक वेळा निनावी राहिला. कष्ट करणाऱ्याचे नाव गाळण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

खाडीपलीकडचा चित्रकार

इ. स. १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याची सत्ता सुरू झाली आणि एदो हे तिचे केंद्र झाले. आजचे टोकियो ते हेच. दलदलीकाठचे हे गाव शंभर-सव्वाशे वर्षांत सुमारे दहा लाख वस्तीचे महानगर बनले. १६५७ च्या भीषण आगीत निम्म्याहून अधिक शहर जळाले आणि पुन्हा उभे राहिले. बांधकामाला सुतार हवेत, गवंडी हवेत, हमाल हवेत. आसपासच्या गावांतून माणसे शहराकडे लोटली.

त्यांतलाच एक हिशिकावा मोरोनोबू. एदोच्या उपसागरापलीकडे आवा प्रांतात होदा नावाचे मासेमारीचे गाव आहे, तेथला हा मुलगा. बाप कापडावर सोन्याचांदीच्या जरीचे भरतकाम करणारा. रेवस-मांडव्याहून समोर मुंबई दिसावी तसा हा किनारा आणि ते शहर. मोरोनोबू एदोला गेला आणि चित्रांची पुस्तके काढू लागला. १६७२ च्या एका पुस्तकावर त्याने आपले नाव घातले. त्या काळी पुस्तकातील चित्रकाराने नाव घालण्याची पद्धत नव्हती. पुढे त्याने पुस्तकातले चित्र बाहेर काढून सुटा कागद म्हणून विकायची चाल रूढ केली. चित्र फक्त काळ्या शाईचे असे. त्यात बाजार, मेळे, नाटकगृहे, फुलांच्या बहरात फिरायला निघालेली माणसे, कपड्यांचे नवे नमुने असत. शहरातल्या माणसाला प्रथमच आपलेच जगणे चित्रात दिसले.

मोरोनोबू गाव विसरला नाही. १६९४ मध्ये, ज्या वर्षी तो वारला त्याच वर्षी, त्याने होदाच्या बौद्ध मंदिराला एक घंटा दान दिली. मुंबईत चाकरी करून गावी बुद्धविहारासाठी पावती फाडणाऱ्या आपल्या चाकरमान्यांना हे वेगळे सांगायला नको.

पायरी खालची, पैसा हातात

त्या काळच्या जपानात समाजाची उतरंड ठरलेली होती. वर सामुराई, त्याखाली शेतकरी, मग कारागीर आणि सर्वांत शेवटी व्यापारी. शहरातील कारागीर-व्यापाऱ्यांना मान नव्हता. त्यांनी कोणते कापड ल्यावे, किती थाटाने राहावे यावरही सरकारी हुकूम निघत. परंतु त्यांच्या हातात रोख पैसा होता. मान मिळत नाही, सत्ता मिळत नाही, मग त्या पैशाने त्यांनी आपली करमणूक, आपले नाटक, आपली पुस्तके आणि आपली चित्रे उभी केली. पुढे पुढे असे एक चित्र साधारण शेवयांच्या एक-दोन वाट्यांच्या किमतीत मिळू लागले.

या चित्रांना ‘उकियो-ए’ म्हणतात. ‘ए’ म्हणजे चित्र. ‘उकियो’ हा शब्द मुळात बौद्धांचा. त्याचा अर्थ दुःखमय जग. शहरी लोकांनी त्याच उच्चाराचे दुसरे अक्षर लिहून अर्थ फिरवला आणि ‘तरंगते जग’ केला. असाई र्‍योई या बौद्ध पुरोहित असलेल्या लेखकाने १६६० च्या दशकात लिहिलेल्या ‘उकियो मोनोगातारी’ या पुस्तकाने हा नवा अर्थ रूढ केला. जग अनित्य आहे हे तथागतांनी सांगितले. त्यावरून दुःखाचे कारण शोधून ते दूर करावे हा धम्माचा मार्ग. एदोच्या शौकीन माणसाने त्यातून एवढेच घेतले की, क्षण जाणारच आहे तर मजा करून घ्यावी. अनित्यतेचा अर्धाच धडा घेतला की काय होते याचे हे उदाहरण आहे.

त्या चित्रांत नाटकाला मोठे स्थान होते. तोरीई कियोनोबू हा नटाचा मुलगा. १६८७ मध्ये तो बापाबरोबर ओसाकाहून एदोला आला, काबुकी नाटकांचे फलक रंगवू लागला आणि नटांची ठसाचित्रे काढू लागला. काबुकीच्या नटांना तेथले प्रतिष्ठित लोक ‘नदीपात्रातले’ म्हणून हिणवीत. पण त्यांचीच चित्रे घरोघर लागली. रात्री ज्याच्या कलेला दाद द्यायची आणि सकाळी त्यालाच वेशीबाहेर ठेवायचे, हा व्यवहार आपल्या तमासगिरांनीही सोसला आहे.

दिनदर्शिकेतून आलेला रंग

आरंभी चित्रे काळीच होती. मग कुणी त्यावर हाताने शेंदरी रंग भरू लागले. १७४० च्या दशकात गुलाबी आणि हिरवा असे दोन रंग ठशाने उमटू लागले. त्यासाठी प्रत्येक रंगाची वेगळी फळी. सर्व फळ्यांवर कागद अचूक त्याच जागी बसावा म्हणून कोपऱ्यात आणि कडेला खुणा कोरीत. ही युक्ती साधली आणि रंगांची वाट मोकळी झाली.

१७६५ साली खरी बहुरंगी छपाई आली ती दिनदर्शिकेमुळे. जपानी पंचांगात काही महिने तीस दिवसांचे, काही एकोणतीस दिवसांचे. हा क्रम दरवर्षी बदले. देणीघेणी महिनाअखेर चुकती करायची असल्याने तो माहीत असणे जरुरीचे. पण पंचांग छापण्याचा हक्क ठरावीक लोकांनाच. तेव्हा हौशी मंडळींनी स्त्रीच्या वस्त्रावरच्या नक्षीत महिन्यांचे आकडे लपवून देखणी चित्रे छापून घेतली आणि एकमेकांना भेट दिली. सुझुकी हारुनोबू हा या कामातला मोठा चित्रकार. मग प्रकाशकांनी आकडे काढून टाकून तीच चित्रे बाजारात विकली. त्यांना जरतारी चित्रे म्हणू लागले. पुढे होकुसाईची लाट आणि हिरोशिगेचा पाऊस जगभर गाजले, ते याच पायावर.

आपल्याकडेही अनेक घरांत पहिले रंगीत चित्र आले ते दिनदर्शिकेबरोबरच. वर्ष संपले की तारखा कापून टाकायच्या आणि बाबासाहेबांचे चित्र काचेत बसवायचे. प्रकाशकांनी एदोत जे केले ते आपल्या आयांनी कात्रीने केले.

चित्रात जे दिसत नाही

आता सावध होण्याचा भाग. या चित्रांत सर्वांत अधिक दिसते ती नटलेली, भरजरी वस्त्रे ल्यालेली रूपवती स्त्री. ही कोण? पुष्कळदा ती योशिवाराची. योशिवारा ही एदोतील सरकारमान्य वेश्यावस्ती. १६५७ च्या आगीनंतर ती शहराबाहेर आसाकुसाच्या मागे हलवली. भोवती खंदक, एक मुख्य दरवाजा. कर्जात बुडालेल्या गरीब बापांनी कोवळ्या वयात विकलेल्या मुली तेथे येत आणि कराराची वर्षे भरीपर्यंत त्यांना बाहेर पडता येत नसे. ज्या तेथेच मेल्या त्यांतल्या अनेकींना जवळच्या जोकान-जी मंदिरात आणून टाकीत. लोक त्याला ‘टाकून देण्याचे मंदिर’ म्हणत. तेथे सुमारे २५ हजार स्त्रियांना मूठमाती मिळाली असे मानले जाते.

ठसाचित्रात केसांतले काटे दिसतात, कराराचा कागद दिसत नाही. प्रकाशकाला तो विकायचा नव्हता. बाबासाहेबांनी १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील भगिनींची सभा घेतली आणि हे जिणे सोडा, कष्टाची भाकर खा, असे त्यांना कळवळून सांगितले. ज्या समाजाला हा उपदेश मिळाला त्याने नटलेल्या चित्रामागची बाई पाहायला शिकले पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून कठोर आहे. त्या उतरंडीच्याही खाली जपानात अस्पृश्य होते. मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे ते ‘एता’, म्हणजे अतिशय घाणेरडे, आणि भिकारी वगैरे ते ‘हिनिन’, म्हणजे माणूस नसलेले. त्यांच्या वस्त्या वेगळ्या. बौद्ध देश असूनही हे घडले. काही मंदिरांनी तर त्यांच्या मृतांना हीन अर्थाची मरणोत्तर नावे दिली. नुसते नाव बौद्ध असून भागत नाही, समता आचरणात यावी लागते, हा बाबासाहेबांचा आग्रह किती रास्त होता हे येथे पटते.

लाकडी ठशांनी शहरांचे नकाशेही छापले जात आणि त्यांवर या वस्त्या नावानिशी दाखवलेल्या असत. १८७१ मध्ये सरकारने ती नावे कायद्याने रद्द केली. तरी भेद गेला नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत या लोकांनी ‘सुईहेईशा’ ही संघटना स्थापन केली. सुईहेई म्हणजे पाण्याची सपाट पातळी. पाच वर्षांनी रायगडच्या मातीत चवदार तळ्याच्या पाण्यावरून समतेचा लढा उभा राहिला. दोन देशांतल्या पददलितांना समतेसाठी पाणीच आठवले. पुढे २००९ मध्ये गूगलने जुने जपानी नकाशे संगणकावर आजच्या शहरांवर बसवून दाखवले तेव्हा त्या वस्त्यांची जुनी नावे पुन्हा उघडी पडली, तक्रारी झाल्या आणि ती झाकावी लागली. कारण पत्त्यावरून माणूस ओळखून लग्नात आणि नोकरीत त्याला नाकारणारे तेथे अजून आहेत. छापलेला कागद माणसाला मान देतो, तसा डागही देतो.

महाडचा मंडप आणि आपली भिंत

मुंबईही आपल्या लोकांना अशीच दुतोंडी भेटली. गावच्या महारकीतून सुटून माणसे गलबताने, बोटीने मुंबईला गेली. गोदीत, रेल्वेत, गिरणीत लागली. हातात रोख पगार आला. पण गिरणीच्या विणखात्यात त्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. तरीही चाळीत सभा भरल्या, वाचनालये निघाली, जलसे उभे राहिले, ‘बहिष्कृत भारत’ हातोहात फिरला. शहराने मान दिला नाही, संधी दिली. ती संधी आपण वापरली.

चित्र मात्र उशिरा आले. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला, मुंबईत १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा. त्यांची देवादिकांची आणि राजेरजवाड्यांची चित्रे घरोघर गेली. त्यांत आपला चेहरा नव्हता. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले, दासगावला उतरले आणि महाडला पोचले. ज्या मंडपाजवळ २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली त्या मंडपात एकच तसबीर होती आणि ती गांधीजींची होती, असे चरित्रकार सांगतात. स्वतःचे म्हणावे असे चित्र आपल्यापाशी तोवर नव्हते. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना नीटनेटके लुगडे नेसायला आणि जात सांगणारे दागिने टाकायला सांगितले. आपण जगाला कसे दिसतो हे आपण ठरवायचे, हा त्याचा अर्थ.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरोघरच्या देव्हाऱ्यांतल्या जुन्या तसबिरी उतरल्या. भिंतीवरचा खिळा तोच राहिला, त्यावर बुद्ध आणि बाबासाहेब आले. कुठल्या सरकारने वा कलामंडळाने ती चित्रे वाटली नाहीत. फूटपाथवर कापड अंथरून ती विकली गेली आणि रोजंदारीवरच्या माणसाने ती विकत घेतली. एदोच्या शहरी माणसाप्रमाणेच, मोठ्यांनी ज्याला कला म्हटले नाही असे चित्र आपल्या माणसांनी स्वतःच्या पैशाने जगवले. म्हणून ती आपली कला आहे, असे म्हणण्यात संकोच कसला?

जपानी लोकांनी आपल्या स्वस्त चित्रांची फार काळ कदर केली नाही. ती परदेशी गेली. आज अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात पन्नास हजारांहून अधिक जपानी ठसाचित्रे आहेत. आपल्या बाबतीत असे होऊ नये. घराला नवा रंग देताना जुनी, वाळवी लागलेली तसबीर आपण सहज विसर्जित करतो. तसे करू नका. चित्र काढून कोरड्या जागी, सपाट ठेवा. कोपऱ्यात छापखान्याचे आणि चित्रकाराचे नाव असेल तर वहीत उतरवून घ्या. मागे पेन्सिलीने लिहा की हे कोणी, कोणत्या साली, कुठून आणले. गावच्या विहारात एका कपाटात अशी चित्रे, जुने कॅलेंडर, गाण्यांच्या पुस्तिका जमवता येतील. हे काम महिला मंडळे आणि शाळेतली मुले उत्तम करू शकतील.

आणि नवीन चित्र घेताना एवढे पाहावे की त्यात माता रमाई, सावित्रीबाई, तळ्यावर चालत गेलेल्या बायाबापड्या आहेत की नाहीत. ज्यांनी ओंजळभर पाणी उचलले त्या हजारो माणसांचे चित्र अजून फार थोड्या घरांत दिसते. ते काढणारा हात आपल्याच एखाद्या वाडीत, वहीच्या मागच्या पानावर आज रेघोट्या मारीत बसला असेल. त्याला रागावू नका, त्याला कागद आणून द्या.

जयभीम!